पाय रुंद टाकून उभी असलेली गाडी

दुकानात शिरणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे टायरच्या ढिगाला टेकून आमचे हे बसलेले असतात. गिऱ्हाईक त्यांना म्हणतं, "शेठ, अलाइनमेंट करायची होती." हे पेपरातून मान वर न करता सांगतात, "तिला विचारा." मग गिऱ्हाईक नाइलाजाने माझ्याकडे वळतं आणि मला कमी ऐकू येत असल्यासारखं सावकाश, मोठ्याने बोलतं, "चाकं. सरळ. करायची." लग्न होऊन महाडात आले तेव्हापासून हे चालू आहे. फरक इतकाच पडला की पूर्वी मला वहिनी म्हणायचे, आता काकी म्हणतात.

आमचं दुकान महाडातून पोलादपूरकडे निघालं की हायवेच्या कडेला लागतं. टायर आणि पंक्चर ह्यांच्याकडे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि भांडण माझ्याकडे. ही वाटणी कोणी बसून ठरवली नाही. ह्यांना गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, आणि आमच्या धंद्यात रोज कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. शिवाय आमचं काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, ही मोठी पंचाईत. पोरगं पास झालं की लोक पेढे आणतात, बाळंतपण नीट झालं की आणतात. चाक जागेवर राहिलं म्हणून आजतागायत कोणी पेढे आणलेले नाहीत. याचं मला थोडं वाईट वाटतं, म्हणून म्हटलं आपणच लिहून ठेवावं.

नाही म्हणायचं सगळ्यात जास्त काम माझ्यामागे लावलं ते स्पेसरने. स्पेसर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापायीच झाली. गाडीचं चाक ज्या गोल भागावर बसतं त्याला हब म्हणतात. हबमधून जाड आटेवाले दांडे बाहेर आलेले असतात, ते स्टड. चाकाची भोकं त्या स्टडवर बसवायची आणि बाहेरून नट आवळायचे, झालं. आता हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची जाड चकती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं. ती चकती म्हणजे स्पेसर. आणि दुसऱ्याच गाडीचं चाक आवडलं, पण त्याची भोकं आपल्या स्टडशी जुळत नाहीत, तेव्हा मध्ये घालतात तो अडॅप्टर. त्याला एका बाजूला आपल्या हबचं माप, दुसऱ्या बाजूला त्या आवडलेल्या चाकाचं.

चाक बाहेर काढायचं कशाला, असं मी प्रत्येकाला विचारते. खरं उत्तर एखादाच देतो. मोठा ब्रेक बसवलाय आणि चाक त्याला घासतंय, असं एखादं कारण असतं. बाकी सगळ्यांचं उत्तर एकच, "काकी, दिसायला." गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून पोरं येतात तेव्हा हायवेवर नुसतं बघत बसावं. गाडी जुनी, कर्ज नवं, आणि चाकं मडगार्डाच्या बाहेर आलेली, जशी काही गाडीला भूक लागून ती हात पुढे करून बसली आहे.

नात्याच्या एका काकांनी तर कमाल केली. त्यांच्या गाडीला मुलाने स्पेसर लावायचे ठरवले. काका म्हणाले, विकत कशाला, आपला सुतार आहे की. सुताराने ऐनाच्या लाकडाच्या चार चकत्या कापल्या, भोकं पाडली, वर पॉलिशही मारलं. काका त्या धोतरात गुंडाळून माझ्याकडे बसवायला घेऊन आले. मी म्हटलं, "काका, हे लाकूड आहे."

"ऐन हाय," काका म्हणाले. "बैलगाडीचं चाक लाकडाचंच असतंय ना? ते कवा तुटलं?"

"बैलगाडी हायवेला ऐंशीने पळते का?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, "आमचा बैल पळाला असता, पर पोलिस पकडतात." ह्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला कळलं. मी चकत्या ठेवून घेतल्या आणि परत न्यायला काकूंना पाठवा म्हणून सांगितलं. काकू आल्या, चकत्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या आणि खूश झाल्या. त्यांच्या घरात आता गरम पातेल्याखाली पॉलिश केलेल्या, भोकं पाडलेल्या चार अडण्या आहेत. त्या उत्तम टिकल्या आहेत, ऐनच तो.

तर सुरक्षित स्पेसर निवडायचा कसा, हे मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते की निवडू नको. चाक बाहेरच हवं असेल तर त्या मापाचं चाकच घे, मध्ये तिसरा माणूस कशाला. शिवाय कंपनीने दिलेली मापं बदललेली आरटीओला चालत नाहीत, आणि विमावाले तर निमित्ताच्या शोधातच असतात. हे ऐकून अर्धे लोक जातात आणि दुसरीकडे बसवतात. उरलेल्यांना सांगते की चकती एका सलग तुकड्याची, चांगल्या घडीव अॅल्युमिनियमची पाहिजे, ओतीव नको. मधलं भोक आपल्या हबवर घट्ट बसलं पाहिजे, आणि चकतीला बाहेरच्या बाजूने कंगोरा पाहिजे, म्हणजे चाक त्या कंगोऱ्यावर बसतं. चाकाचा भार हबने घ्यायचा असतो. भोक मोठं असलं की चाक नुसतं स्टडवर लटकतं, थरथरतं, आणि एक दिवस स्टड कंटाळतो.

दुसरं म्हणजे नट. चकती घातली की स्टड तेवढा आखूड पडतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. स्टड जेवढा जाड, निदान तेवढा तरी नट आट्यांवर आत फिरला पाहिजे. म्हणून चकती पातळ असली तरी बहुतेक वेळा लांब स्टड बसवावे लागतात. चकती चांगली जाड असेल तर तिला स्वतःचे स्टड असतात. ती आधी हबला आवळायची आणि मग तिच्यावर चाक. तिथेही जुन्या स्टडची टोकं वर डोकावत असतील तर चाक सपाट बसत नाही. हबवरचा गंज घासायचा, नट समोरासमोरचे आवळायचे, पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहून नव्हे, किती आवळलं ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्याने. आणि गाडी थोडी चालवून आणली की पुन्हा एकदा बघायचं. एकावर एक दोन चकत्या कधीही ठेवायच्या नाहीत. हे सगळं मी इतक्या वेळा सांगितलंय की आमचे हे झोपेत बडबडतात, "एकावर एक नाय, एकावर एक नाय."

नीलेशच्या गाडीला एकावर एक दोन होत्या.

नीलेश पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका कोंडावरचा. कोंड म्हणजे डोंगरातली लहान वाडी. माझं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळे पोरगं ओळखीचं. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने जुनी हॅचबॅक घेतली होती. एका दुपारी तो गाडी घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "काकी, स्टिअरिंग जरा व्हायब्रेट मारतोय. अलाइनमेंट तेवढी करून द्या. बाकी गाडी एकदम सेट हाय."

मी चाकाकडे बघितलं. चाक मडगार्डाच्या बाहेर येऊन हवा खात होतं. जॅक लावला, चाकपाना घेतला आणि पहिला नट फिरवला, तर तो दोन-तीन फेऱ्यांत हातात आला. दुसराही तसाच. आत चकतीवर चकती, मधलं भोक हबपेक्षा बोटभर मोठं. मी तो नट त्याच्या तळहातावर ठेवला.

"लिफ्टचा दोर दोन आट्यांवर टांगतोस का रे?"

नीलेशचा चेहरा उतरला. "तिकडं इन्स्पेक्शन असतंय, काकी."

"इकडे मी आहे. हे सगळं काढायचं."

"नाय काढता येणार," तो म्हणाला आणि टायरवर बसला. "काढलं तर माझं लगीन मोडंल."

स्पेसर काढल्याने लग्न मोडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला.

हकिकत अशी होती. आमच्या महाडात एका औषधांच्या दुकानात प्राजक्ता नावाची मुलगी काम करते, तुडील गावची. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच देते आणि मीठ कमी खा म्हणून दमही देते. नीलेश आणि प्राजक्ता यांचं जमलं होतं. पण प्राजक्ताच्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, हे माहीत नव्हतं, आणि माहीत झालं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला दुसरीकडे उजवली असती. म्हणून तिच्या मावशीने रीतसर, कोणी कोणाला ओळखत नसल्यासारखं स्थळ आणलं. तात्यांना मुलाचा फोटो दाखवला, गाडीला टेकून उभा असलेला.

तात्यांनी जन्मभर बैल पारखले. सावित्रीकाठच्या गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की तात्यांना घेऊन जात. त्यांनी मुलाचा फोटो हातात घेतला, आणि मुलाकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवण चांगली हाय. पाय रुंद टाकून उभी हाय. असलं जनावर चिखलात बसत नाय. ज्यानं हे पारखून घेतलं तो मानूस वाईट नसंल." एवढ्यावर स्थळ पुढे सरकलं.

"आनि रविवारी तात्या आमचं घर बघायला येतायत," नीलेश म्हणाला. "आता चाकं आत गेली तर?"

मी म्हटलं, मग नीट मापाचे स्पेसर मागवू, चांगले, त्यांचे स्वतःचे स्टड असलेले. रविवारपर्यंत आले नाहीत तर तात्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. त्यावर नीलेशने मान हलवली आणि दुसरं संकट सांगितलं.

कोंडावर जायचा चढ उभा आहे. तिथल्या लोकांनी श्रमदान करून त्यावर सिमेंटच्या दोन पट्ट्या ओतल्या, एकेका चाकाला एक. सिमेंट थोडकं, म्हणून पट्ट्या अरुंद. दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरवायला नीलेशचे काका, बाळूकाका, यांनी स्वतःची जीप चढावर उभी केली आणि तिच्या चाकांखाली खडूने खुणा केल्या. पट्ट्या वाळून तयार झाल्या आणि त्याच पावसाळ्यात जीप बंद पडली. आता तिच्यात कोंबड्या राहतात. रिक्षा त्या पट्ट्यांवरून जात नाही, कारण तिचं पुढचं चाक बरोबर मधल्या खड्ड्यात येतं. नीलेशची गाडी मुळात जेमतेम मावली असती, पण चकत्या बसवल्यापासून दोन्ही चाकं एकदम पट्टीवर राहत नव्हती. तो आपला गाडी खाली थांब्यापाशी लावून चालत घरी जायचा. आणि तात्यांचा गुडघा गेलेला. ते चढ चालून जाऊ शकत नव्हते.

म्हणजे चाकं बाहेर ठेवली तर तात्या घरापर्यंत पोचत नव्हते, आणि आत घेतली तर सोयरीक पोचत नव्हती. मी टेप घेऊन मापं काढली, कागदावर आकडे मांडले, दोन-तीनदा मांडले. तात्यांच्या डोळ्यांत भरेल एवढी जाड चकती पट्टीवर मावत नव्हती. पट्टीवर मावेल एवढी पातळ घातली असती, तर ती आहे हे फक्त मला आणि गाडीला कळलं असतं.

तेवढ्यात नीलेशचा फोन गेल्यामुळे प्राजक्ता जेवणाच्या सुट्टीत धावत आली. तिने हबकडे बघितलं, नीलेशच्या तळहातावरचा नट बघितला, आणि सगळं समजून म्हणाली, "काकी, फक्त रविवारपुरतं ठेवा ना. सोमवारी काढा."

"सोमवार उजाडायला हा शिल्लक पाहिजे," मी म्हटलं.

 ती खाली मान घालून म्हणाली, "काढा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चकत्या काढल्या, हब घासला, चाकं मूळच्या जागी बसवली आणि पान्याने नट आवळले. गाडी जॅकवरून उतरली आणि सभ्य झाली. नीलेश तिच्याकडे असा बघत होता जसं कोणी तिची मिशी उतरवली आहे. त्या चकत्या मी माझ्या पिशवीत घातल्या. दुकानात ठेवल्या असत्या तर ह्यांनी मागणाऱ्याला देऊन टाकल्या असत्या.

रविवारी मीही कोंडाखालच्या थांब्यावर गेले. सांगायला कारण होतं, गाडी महाडहून तिथवर चालून आली की नट पुन्हा बघायचे होते. खरं कारण म्हणजे मला राहवलं नाही. पोचले तर गाडी मागून बसलेली. मी म्हटलं, आता काय केलंत? बाळूकाका पुढे आले, हसऱ्या चेहऱ्याने.

"डिकीत तांदळाच्या गोनी टाकल्यात. गाडी खाली बसली की रुंद दिसते."

"कोणी सांगितलं?"

"मीच," बाळूकाका म्हणाले. "पट्ट्याबी मीच मापल्या व्हत्या."

गोण्या काढायला सांगणार तोच एसटी आली. गुडघ्यामुळे चढापुरती गाडी ठीक, पण सगळा रस्ता मुलाच्या गाडीतून येणं तात्यांना पटणारं नव्हतं, म्हणून ते तुडीलहून एसटीने आले होते, भावकीतली माणसं घेऊन. माणसं रामराम करून चढाने चालत पुढे गेली. तात्या गाडीपाशी थांबले. बारीक चणीचे, पांढरी टोपी, एका पायावर भार देऊन चालणारे. मी चाकापाशी बसून नट बघत होते.

"ही कोण?" तात्यांनी विचारलं.

"महाडच्या काकी हायत," बाळूकाका म्हणाले. "चाकांचं बघतात."

"चाकाला निराळी बाय लागते?"

"लागते," मी म्हटलं.

तात्यांनी मान डोलावली आणि गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. बॉनेटवर हात फिरवला. मागे गेले, वाकून बघितलं, पुढे आले. दार उघडलं, लावलं. मग दूर जाऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. नीलेशच्या कपाळावर घाम दिसत होता.

"फोटूतली गाडी ही नाय," तात्या म्हणाले.

"तीच हाय, तात्या," नीलेश म्हणाला. "नंबर बगा."

"नंबर काय, रंगारी लिवून देतो. मी ठेवण बघतो. ती पाय रुंद टाकून उभी व्हती. ही पाय आत घेऊन उभी हाय, थंडी वाजल्यागत. आनि हिचे मागचे पाय गेलेत."

"मागचे पाय नाय गेले," बाळूकाका घाईघाईने म्हणाले. "डिकीत तांदूळ हाय."

"कशाला?"

"रुंद दिसायला."

बाळूकाकांना माझ्या दुकानात एक दिवस बसवलं तर दुकान बंद पडेल. मी उठले, पिशवीतून त्या चकत्या काढल्या आणि तात्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, "तात्या, गाडी तीच आहे. हे चाकाच्या आत घातलं होतं, म्हणून पाय रुंद दिसत होते. मी काढायला लावलं."

तात्यांनी चकती उलटसुलट केली. "वाईट असतंय व्हय?"

"नीट मापाचं, नीट बसवलेलं असेल तर चालतं. हे तसं नव्हतं. बैलाच्या खुराला लोखंडाची पत्री मारता ना? खूर आणि पत्री यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा घातला, आणि खिळा तोच आखूड ठेवला, तर?"

"चार पावलं जाईल. मग पत्री एकीकडं आनि बैल एकीकडं."

"तसंच हे."

तात्यांनी चकत्या बॉनेटवर ठेवल्या आणि नीलेशकडे वळले. आवाज चढवला नाही, पण त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "बाजारात असं करतात. म्हाताऱ्या बैलाचे दात घासतात, शिंगं तासून तेल लावतात. मी असल्या मानसाकडनं कंदी दावं हातात घेतलं नाय." मग ते म्हणाले, "प्राजूच्या मावशीनं हे स्थळ एकाएकी कुठनं काढलं, ते मला तवाच खटकलं व्हतं. एक सांग मला. ह्या चकत्या असताना माझी पोर ह्या गाडीत बसली व्हती काय?"

 हो म्हटलं असतं तर दोन गोष्टी एकदम उघड्या पडत होत्या, एक म्हणजे दोघांचं आधीपासून होतं, आणि दुसरी म्हणजे ह्याने तिला असल्या चाकांवर फिरवलं होतं. नाही म्हटलं असतं तर काहीतरी वाचण्यासारखं होतं. बाळूकाका तात्यांच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवत होते, नाय म्हण, नाय म्हण. मीसुद्धा मनात तेच म्हणत होते.

नीलेशने खाली बघितलं. "बसली व्हती, तात्या. म्हाबळेश्वरपर्यंत. आंबेनळी घाटानं."

 दोन आट्यांवर, त्या वळणांवरून, आणि पलीकडे दरी. तात्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी गाडीला हात टेकला.

"मला ठाव नव्हतं चाकं अशी हायत," नीलेश म्हणाला. "ठाव असतं तर मीच बसलो नसतो. पर बसवली व्हती. आनि तिची काय चूक नाय, मीच चल म्हनालो."

तात्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्या फोनचा स्पीकर कायमचाच चालू असावा, कारण रिंग आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. पलीकडून प्राजक्ताचा आवाज आला.

"गो प्राजू," तात्या म्हणाले, "तू ह्या पोराच्या गाडीत कंदी बसली व्हतीस काय?"

"मी?" प्राजक्ता म्हणाली. "नाय ओ तात्या. मी कशाला बसू? मी त्याला वळखत पन नाय. मावशीनं फोटो दाखवला तेवढाच."

"म्हाबळेश्वरला गेली नव्हतीस?"

"म्हाबळेश्वर कुठल्या बाजूला येतं ते पन मला म्हाईत नाय."

"बरं," तात्या म्हणाले आणि फोन बंद केला.

बाळूकाका आभाळाकडे बघू लागले. मी चाकपाना या हातातून त्या हातात घेतला. सोयरीक गेली, असं मला वाटलं आणि पोराचं फार वाईट वाटलं. चकत्या काढायला लावल्या त्या मीच. पुन्हा तीच वेळ आली तरी काढायला लावल्या असत्या, पण म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

तात्यांनी वाकून गुडघा चोळला. मग नीलेशकडे न बघता बोलायला लागले.

"इतकी वर्सं बाजार केला. घेनाऱ्यासमोर आपल्या जनावराची खोट आपल्या तोंडानं सांगनारा मानूस मला भेटला नाय. धंद्यात तुझं काय खरं नाय, बाबा." त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि पुन्हा घातली. "मी तुझ्यात खोट काढायला आलो व्हतो. आनि खोट निघाली ती माझ्या घरात. माझी पोर माझ्या तोंडावर, सवाल संपायच्या आत खोटं बोलते. आनि काय सफाईनं. महाडात कामाला जाऊन हिला म्हाबळेश्वर ठाव नाय." मग त्यांनी पहिल्यांदाच नीलेशकडे सरळ बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "आता तूच सांग. तुला चालंल काय?"

मुंबईत उंच इमारतीच्या पोकळीत दोराला लटकून काम करणारं ते पोरगं शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होतं.  त्याने नुसती मान डोलावली, एकदा, दोनदा, मग डोलावतच राहिला. शेवटी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "तात्या, गुडघा जपून आत घ्या."